तलावातले अकरा खुंट

चांद्यात जटपुरा दरवाज्याच्या आतल्या अंगाला लटारूचा फोटो स्टुडिओ होता, आणि त्या स्टुडिओत शिरलेल्या गिऱ्हाइकाची काही धडगत नसे. टोपी सरळ करा. हनुवटी वर. एवढी नाही हो, वर म्हटलं म्हणजे आढ्याकडे पाहायचं नसतं! बाई, लुगड्याचा काठ दिसू द्या. हात मांडीवर, बोटं जुळवून. पोराला मधोमध घ्या, अन् आधी त्याच्या नाकाखालचं पुसा. शेवटी काळ्या कापडात डोकं खुपसून दरडावणं ठरलेलं: "हलू नका!"

गंमत अशी, की साऱ्या चांद्याला हलू नका म्हणून दम देणारा हा माणूस स्वतः घडीभर एका जागी टिकत नसे. जेवता जेवता उठून भिंतीवरची तसबीर सरळ करून येई. प्रेमिलानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, फळीवर डबे ठेवले की हा मागून जाऊन ते उंचीप्रमाणे लावी. "ते डबे हायेत, गिऱ्हाईक नोहे," असं ती म्हणे. पण ऐकतो कोण? जिथं काही तिरपं दिसलं तिथं लटारूचा हात गेलाच म्हणून समजा. त्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे.

एकोणीसशे चोपन्न सालच्या पावसाळ्यानंतर नागपूरहून एक सरकारी साहेब आले. नागपुरात रानांचं आणि तलावांचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं. चांदा जिल्ह्यातला एकच फोटो, पुरुषभर उंच करून, थेट दारात लावणार. आणि फोटोखाली काढणाऱ्याचं नाव.

नाव! लटारूची झोप उडाली ती तिथंच. हा ढिवराचा, मासे धरणाऱ्याचा पोरगा. बाप वारला तेव्हा दहा वर्षांचा होता. नागपूरच्या एका फोटोवाल्याकडे झाडलोट करायला राहिला, सात वर्षं फोटोच्या काचा धुतल्या, आणि त्या सात वर्षांत मालकानं त्याला नावानं एकदाही हाक मारली नाही. 'ए चांदेवाल्या' एवढंच. त्याच नागपुरात आता दारात नाव लागणार म्हटल्यावर माणूस शांत कसा राहील? तुम्ही राहिला असता?

तो आलापल्लीच्या सागवानात गेला. गेला खरा, पण रानात कुणाला म्हणायचं टोपी सरळ करा? साग उभे, त्यांच्या मधून बांबू आडवे, बांबूंवर वेली, वेलींवर कोळिष्टकं, आणि पाला तर एक क्षण गप्प बसेल तर शपथ. साहेबांनी फोटो हातात धरला आणि मान हलवली. "झाडं आहेत, बांबू आहेत. फोटो कुठं आहे? नजर आत शिरते आणि अडकून बसते. नजरेला वाट पाहिजे, लटारू!"

दुसऱ्या खेपेला त्यानं चार मजूर लावून फांद्या तोडल्या, वेली दोरीनं मागं ओढून बांधल्या. साहेब हसायलाच लागले. "अहो, रानाची हजामत करायला कुणी सांगितलं?"

आता बोला! ठेवलं तर गोंधळ, आवरलं तर हजामत. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत आणखी एक संधी दिली. लटारूकडे कॅमेऱ्यात घालायच्या मोठ्या मापाच्या काचा उरल्या होत्या दोन, आणि नव्या मागवायला वेळ नव्हता. तो रात्रंदिवस स्टुडिओत येरझारा घालू लागला. शेवटी प्रेमिला वैतागून म्हणाली, "तुमच्या गावचा तलाव काय वाईट हाये? त्या निमित्तानं मायले तरी भेटान. तीन वर्सं झाले."

तीन वर्षं! लटारूनं बोटांवर मोजून पाहिलं, तर खरंच तीन झाली होती.

चिमूरच्या पलीकडे, रानाला लागून, सावरटोला नावाची वीस-पंचवीस घरांची वस्ती. तिथं त्याची माय गोकुळा एकटी राहत होती. चांद्याला चल म्हटलं की म्हणायची, "तिथी पानी कुठी हाये?" बापाचा लाकडी डोंगा, म्हणजे होडकं, होतं, तलावात शिंगाड्याचा वेल होता, आणि तिला कुणाचे उपकार नको होते. आपल्या हातानं शिंगाडे तोडायचे, उकडायचे, बाजाराला द्यायचे, बस.

लटारू कॅमेऱ्याची पेटी, तिपाई आणि दोन काचा घेऊन दुपारी पोचला. मायनं दारातच त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कानापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. "वाळला रे," म्हणाली. लटारूला अवघडल्यासारखं झालं. त्याचं लक्ष पेटीला कुठं धक्का लागला का इकडे होतं. तिनं पेल्यात पाणी ओतलं ते काठावर बोट आत घालून. हा मनात म्हणाला, काय ही सवय! मग झोपडीत इकडंतिकडं पाहून त्याचे हात शिवशिवायला लागले. चुलीच्या डाव्या बाजूचा लोटा त्यानं उजवीकडे ठेवला. जाळं दाराच्या खुंटीवरून काढून मागच्या भिंतीला नीट घडी करून टांगलं. घटकाभरानं माय चुलीपाशी बसून भुईवर हात फिरवू लागली.

"इथला लोटा कुठी गेला रे?"

"नीट ठेवला मी. तिकडं हाये न, समोरच."

"हो का," असं म्हणून ती हात फिरवत राहिली. डोळ्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला एवढंही दिसू नये? पण नाही दिसलं. खरं तेच सांगायचं.

उन्हं कलल्यावर तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेला आणि तलाव बघून त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. पलीकडे मोहाची आणि सागाची रांग, पाण्यात तीच रांग उलटी, एका कडेला कमळाची पानं, दुसऱ्या कडेला शिंगाड्याची हिरवी चटई, आणि मधून उघड्या पाण्याची एक वाट थेट रानात शिरणारी. साहेबांनी मागितलेली वाट! देवानं मांडून ठेवलेली.

आणि त्या वाटेवर अकरा खुंट. एक दुफाटा, एक कमरेत मोडल्यासारखा वाकलेला, एक गाठीगाठींचा, एकाला लोखंडी कडी, एकाला चिंधी गुंडाळलेली. ना अंतर सारखं, ना उंची. दारू पिऊन घरी निघालेली माणसं जशी चालतील तसे ते पाण्यात उभे होते. त्याच्या लहानपणी हे नव्हते. कुणीतरी जाळी बांधायला ठोकले असतील आणि विसरले असतील, असं त्यानं धरून टाकलं. ढिवराचा पोरगा तो, तलावाचं त्याला कोण शिकवणार? विचारलं कुणालाच नाही.

दिवस उजाडता उजाडता त्यानं शेजारच्या रंभाबाईच्या दारचा डोंगा ढकलला आणि एकेक खुंट हलवून हलवून उपटला. चिखलानं माखला, हात सोलवटले, पण अकराही पाळीवर आणून टाकले. पाणी निवळेपर्यंत तो पाळीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होता. मग ऊन सागाच्या शेंड्यांना लागलं, दोन बगळे कमळात येऊन उभे राहिले, वारा पडला. लटारूनं काच चढवली, झाकण काढलं, मनात दोन आकडे मोजले आणि झाकण लावलं. असा फोटो आपल्या हातून कधी झाला नाही, हे त्याला काच धुण्याआधीच कळलं.

इथवर झालं ते झालं. पण कुणाचे का असेनात, खुंट परत लावायचे होते, आणि ते कसे लावावेत? लटारूनं ते एका ओळीत लावले. सरळ दोरीसारख्या ओळीत, सारख्या अंतरावर, लांबीप्रमाणे. वाकडा होता तो फिरवून सरळ दिसेल असा रोवला. काठावर येऊन पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाला. मायला दाखवू म्हणाला! ओळ कशी दिसते म्हणून त्यानं काळ्या कापडात डोकं घातलं.

कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. पाणी वर, आभाळ खाली. त्या उलट्या पाण्यात एका कोपऱ्यातून डोंगा शिरला. डोंग्यात माय, हातात बांबू. तिला फोटोवाल्याची काळजी नव्हती, आपल्या रोजच्या तालात ती येत होती. एका जागी तिनं डावा हात बाहेर काढला. हात हवेत गेला आणि तिथं काहीच नव्हतं. तिनं पुन्हा काढला, जरा पुढे, जरा मागे. बोटं उघडत होती, मिटत होती.

"माय, हलू नको!" लटारू सवयीनं ओरडला. नंतर या दोन शब्दांची त्याला इतकी लाज वाटली, की काही दिवस स्टुडिओतही ते तोंडातून निघेनात.

"लटारू? दुफाटा कुठी गेला रे? मले सापडून नाई राह्यला!"

तेव्हा त्याला कळलं. कापडाखालून डोकं काढायच्या आधीच कळलं. काल चेहऱ्यावरून फिरलेले हात, पेल्यातलं बोट, चुलीपाशी भुई चाचपणं, सगळं एकदम अंगावर आलं. डोंगा तोवर वाहवत काटेरी झिळप्यांकडे, म्हणजे फांद्यांकडे, गेला होता. माशांना आसरा म्हणून ढिवर पाण्यात त्या बुडवून ठेवतात. डोंगा त्यांत अडकला, कलला आणि माय पाण्यात गेली.

पाणी छातीइतकंच होतं. पण तलावाची पाळ वाढवली तेव्हा एका शेतातली विहीर पाण्याखाली गेली होती, आणि ती तिथून पाच-सात हातांवर होती, हे सावरटोल्यात कुणालाही विचारा. लटारू कपड्यांनिशी उडी मारून निघाला. "तिथीच राय माय! पाय उचलू नको!" ओरडत, नाकातोंडात पाणी जात, कसाबसा पोचला आणि त्यानं तिला मिठी मारली. तिनं एका हातानं अजून बांबू धरलेला होता. तिला धाप लागली होती आणि ती रडत नव्हती. रडत होता तो हाच.

पाळीवर रंभाबाई उभी राहून त्याला नाही नाही ते बोलत होती. तिच्या तोंडाला कधीच फाटक नव्हतं, आणि आज तर असायचं कारणच नव्हतं. "अगे बाप्पा, का केलं रे हे! दोन सालापासून तिचे डोये गेले. साऱ्या गावाले मालूम हाये, तुलेच नाई? चांद्याच्या दवाखान्यात मीच नेलं तिले. काचबिंदू हाये, उशीर झाला म्हने डाक्टर. तुया दुकानावरूनच गेलो आमी. म्या म्हनलं चाल, लटारूले सांगू. तर हे तुयी माय म्हनते, नको व, गिऱ्हाईक असन."

लटारूनं मायकडे पाहिलं. ती पदर पिळत होती.

"काऊन नाई सांगतलं, माय?"

"सांगून का करशीन? नेशीन चांद्याले, बसवशीन एका कोनट्यात. तुये सारे सामान जागच्या जागी असते, मले ठाऊक हाये." मग पदर झटकून म्हणाली, "ते खुंट म्या लावले. एकेक चाचपून, एकेक जागेच्या हिशोबानं. आता चाल, लावून दे."

तिला त्या डोंग्यात पुन्हा बसवायला त्याचा जीव धजेना. पण तिनं ऐकलं नाही. डोंग्यात बसून काठापासून ती बांबूनं तळ टोचत निघाली. इथी चिखल नरम लागते, इथी दुफाटा. त्याचा फाटा उगवतीकडं, तिकडं वळलं का वेल लागते. आता बांबू खडकावर वाजला का? हं, इथी लंगडा. लंगडा ज्या बाजूले कलते तिकडं जायचं नाई, तिकडं काटे हायेत. गाठ्याच्या पुढं तीन बांबूंवर ती बुडालेली हीर. कडीवाला हिरीच्या काठावर. कडीले हात लागला का मागं फिरायचं. लटारू पाण्यात उभा राहून खुंट रोवत होता आणि ती हातानं तपासत होती. जरा सरळ झाला की म्हणे, "सरका नको करू. वाकडाच पाह्यजे. सरके सारे हाताले सारखेच लागते." शेवटचा खुंट त्याच्या बापाचा डोंगा वल्हवायचा बांबू होता. तो तिनं स्वतः लावला.

दुपार झाली. सगळे अकरा पुन्हा पहिल्यासारखे वेडेवाकडे उभे राहिले. लटारूकडे एक काच उरली होती. माय डोंग्यात दुफाट्याला धरून दम खात होती, तेव्हा त्यानं ती वापरली. या खेपेला तो काही बोलला नाही. ना हनुवटी वर, ना पदर नीट.

चांद्याला येऊन त्यानं दोन्ही काचा धुतल्या. पहिली पाहून प्रेमिलाच्या तोंडून "वा!" निघालं. सगळं जागच्या जागी, नजरेला रानापर्यंत मोकळी वाट. पण लटारूला त्या मोकळ्या पाण्यात जिथं तिथं मायचा हात दिसायला लागला. त्यानं ती काच पेटीत घातली आणि साहेबांना दुसरा फोटो धाडला.

आठवड्यानं पत्र आलं. 'जागा अप्रतिम. डोंग्यातली बाईही चालेल. परंतु पाण्यातले खुंट नजर विस्कटतात. ते काढून पुन्हा फोटो घ्यावा. आठ दिवस वाट पाहतो. दारातली जागा आपल्यासाठी रिकामी ठेवली आहे.'

नशीब तरी कसं चिडवतं पहा! काढून घ्यावा म्हणे, आणि काढून घेतलेला फोटो पेटीत तयार. नुसता छापायचा आणि टपालात टाकायचा. प्रेमिला म्हणाली, "पाठवून टाका न. कोनाचं का जाते?" तिचं म्हणणं खरंच होतं. लटारूनं फोटो छापला. मागंपुढं पुठ्ठे घालून बांधला, वर साहेबांचा पत्ता घातला. पाकीट हातात घेऊन टपाल कचेरीपर्यंत गेला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, पुन्हा परत आला. गिऱ्हाइकांच्या टोप्या तिरप्या राहू लागल्या. मग तो खुंटांचा फोटो पुढ्यात घेऊन बसला, आणि प्रेमिलाची शिवणाची सुई घेऊन कागदाला मागून भोकं पाडू लागला.

"कागद शिवून राह्यले का?" ती म्हणाली. तो चार दिवस भिंग लावून तेच करत होता. एकेक खुंट, त्याच्या गाठी, त्याचा कल, बरोबर तसाच.

सातव्या दिवशी तो सावरटोल्याला गेला. पाकीट पिशवीत होतंच. मायला विचारायचं आणि परतताना चिमुरात टाकायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. ओसरीवर बसून त्यानं पत्रातलं सगळं तिला सांगितलं, नागपूरच्या दारातलं नावही सांगितलं. गोकुळा हसली.

"पाठोव न मंग! फोटोतल्या पान्यात मी का शिंगाडे तोडाले जाऊन राह्यली? तुयं नाव लागते तर लागू दे, बापू."

एवढं सोपं! परवानगी मिळाली होती, आता उठायचं आणि जायचं. पण उठायच्या आधी त्यानं तिच्या मांडीवर तो टोचलेला फोटो ठेवला आणि तिचं बोट धरून पहिल्या खुंटाच्या उठलेल्या टिपक्यांवर नेलं.

ती दचकली. मग बोट आपलं आपणच चालायला लागलं. "दुफाटा," ती म्हणाली. "हा लंगडा. हो, तिकडंच कललेला. गाठ्या. हा कडीवाला, इथून मागं फिरायचं." तिचा चेहरा असा उजळला, की लटारूला बघवेना. "अन् हा तुया बापाचा." बोट तिथं थांबलं. मग पुन्हा मागे आलं, दुफाट्याच्या आसपास फिरलं, कागदावरून इकडं तिकडं गेलं, गुळगुळीत जागेवर रेंगाळलं.

"अन् मी कुठी हाओ?"

लटारूनं कागदाकडे पाहिलं. माय त्या फोटोच्या मधोमध होती. चार दिवस भिंग लावून त्यानं खुंटाची गाठ न् गाठ टोचली होती, आणि तिच्या जागी एक भोक पाडलं नव्हतं.

"डोंग्यात बसली हायेस," तो कसाबसा म्हणाला. "थांब. सुई दे."

तिनं कुडाच्या भिंतीला टोचून ठेवलेली सुई चाचपून काढून दिली. त्यानं कागद उलटा केला. डोकं टोचलं, खांदे टोचले, पदर, डोंग्याची कड. मग खांद्यापासून हात, एकेक भोक करत, दुफाट्याच्या फाट्यापर्यंत. डोळे भरून आल्यानं दोन भोकं चुकीच्या जागी पडली. तिनं बोट फिरवलं, खांद्यावरून हातावर आणि हातावरून खुंटावर.

"पोचला न रे हात?"

"पोचला, माय."

कागद लवचीक होता, टांगायला पाठीमागं काहीतरी टणक हवं होतं. लटारूनं पिशवीतून पाकीट काढलं, दोरा तोडला आणि पत्ता लिहिलेला वरचा पुठ्ठा घेतला. साहेबांचा पत्ता कुडाकडे गेला. मोकळ्या पाण्याचा तो फोटो त्यानं पाहिलासुद्धा नाही, पिशवीत उभा घातला. मग चुलीशेजारी, ती बसली की हात पुरेल एवढ्या उंचीवर, त्यानं खुंटांचा फोटो टांगला. त्याला काच लावली नाही.

टांगून झाल्यावर तो दोन पावलं मागं सरला आणि पाहिलं, तर फोटो डावीकडे कललेला. त्याचा हात लगेच पुढे झाला. पण माय तोवर येऊन बसली होती आणि तिची बोटं कागदावर पोचली होती.

"हलवू नको," ती म्हणाली. "मले सापडला."

लटारूनं हात मागं घेतला.